मुक्या जिवावर हात उठतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्राण्यांना छळणारा माणूस माणसांनाही छळतो का, या विषयावर गोव्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. उत्तरे पशुवैद्यक, बालसमुपदेशक आणि कौटुंबिक खटले चालवणाऱ्या वकील यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. आधी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचा, त्याचं काही वाटलं नाही. मागच्या आठवड्यात त्याने गोठ्यामागे नेऊन कुत्र्याच्या पिलाला छडीने मारलं. पिलू केकाटत होतं तरी थांबला नाही. यजमानांनी त्याला बडवलं. सासूबाई म्हणतात, लहान आहे, समजेल. कोणाचं ऐकू?
(एक आई, साखळी)

दोघांचंही नको. चतुर आणि पिलू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तीन-चार वर्षांचं मूल किडा-मुंगी चिरडतं, चतुराला दोरा बांधतं, त्यात बहुधा कुतूहल असतं. ओरडणाऱ्या जिवाला दुखतंय हे त्याला अजून नीट उमजत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते उमजतं. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी आम्ही पुन्हा वाचल्या: तो पिलाला आडोशाला घेऊन गेला, आणि ते केकाटल्यावरही थांबला नाही.

यावरून मुलावर कसलाही शिक्का मारू नका. मुलांच्या वर्तन-विकाराचं निदान करताना प्राण्यांशी क्रूरता हे एक लक्षण धरलं जातं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ते १९८७ साली आलं. आजच्या पुस्तिकेत अशी पंधरा लक्षणं आहेत आणि निदानासाठी वर्षभरात किमान तीन दिसावी लागतात. एका प्रसंगावरून निदान होत नाही. पण एक प्रसंग चौकशी सुरू करायला पुरेसा असतो, आणि ती चौकशी मुलाची करण्याआधी घराची करायची.

सर्वात आधी हे पाहा की त्याने जे केलं तेच कोणी त्याच्यावर करतं का. छडीचा मार खाणारं मूल छडी उचलतं, खोलीत कोंडलं जाणारं मूल मांजराला पिंपात कोंडतं. हे साम्य कधीकधी इतकं हुबेहूब असतं की प्राण्याला झालेली इजा पाहून मुलाला काय सोसावं लागलं याचा अंदाज येतो. मार घरचाच असेल असं नाही. शिकवणी, शाळेची बस, मोठी चुलत भावंडं, शेजार, सगळीकडे नजर टाका. मूल प्राण्याच्या गुप्तांगाशी खेळत असेल वा तिथे इजा करत असेल, तर त्याच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शक्यता धरूनच पुढे जावं आणि त्याच दिवशी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करावा.

आता पुढचे पंधरा दिवस. मुलाला कुठल्याही प्राण्याजवळ एकटं सोडू नका. त्याला मारू नका, कारण मारल्याने तो एवढंच शिकेल की मोठा झालं की लहानाला मारता येतं. 'का केलंस?' या प्रश्नाला मुलं 'माहीत नाही' म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. त्याऐवजी 'काय काय झालं ते मला सांग, मी रागावणार नाही' असं विचारा आणि मग खरोखरच रागावू नका. रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटं, पिलाला खाणं-पाणी देण्याचं काम तुमच्या डोळ्यांसमोर करू द्या. पिलू घाबरून मागे सरकलं तर त्याला पकडून मुलापुढे धरू नका. त्याचं मागे सरकणं मुलाने पाहिलं पाहिजे. एका वहीत तारीख, वेळ, प्रसंग आणि त्याआधी काय घडलं होतं ते लिहा. आठ-दहा नोंदींत सहसा धागा सापडतो. मार, भांडण, परीक्षा, पाहुणा असं काहीतरी त्याआधी वारंवार दिसतं.

काही घरांत 'माया लागेल' म्हणून अशा मुलाला नवं पिलू आणून देतात. ते करू नका, त्यात पिलाचा बळी जातो. त्याच्या चुकीचा व्हिडिओ काढून नातेवाइकांत फिरवणं हाही छळच आहे.

प्रसंग पुन्हा घडला, त्यात आग लावणं, चोरी किंवा लहान भावंडाला इजा करणं यांची भर पडली, किंवा मुलाच्या चेहऱ्यावर त्या वेळी मजा दिसली, तर वाट पाहू नका. बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत दाखवा. जाताना वही सोबत न्या. पिलू चावलं वा त्याने ओरखडलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रेबीजची लस सुरू करा. पिलू घरचं आहे म्हणून थांबू नका.

मोठे खुनी लहानपणी प्राण्यांना मारत असत असं सगळीकडे वाचायला मिळतं. यात तथ्य किती?
(निवृत्त शिक्षक, फोंडा)

संबंध आहे, पण लोक समजतात तसा सरळ रेषेतला नाही.

१९६३ साली जे. एम. मॅकडोनाल्ड या मानसोपचारतज्ज्ञाने खुनाची धमकी देणाऱ्या रुग्णांविषयी लिहिताना तीन गोष्टींची सांगड घातली: अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांना छळणं. ही तिकडी फार गाजली. नंतरच्या अभ्यासांत भाकीत म्हणून ती टिकली नाही. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांच्या वाट्याला मात्र तिच्यामुळे उगाच संशय आला. खुन्यांपासून सुरुवात करून मागे पाहिलं की प्राण्यांचा छळ सापडतो. पण प्राण्याला कधीतरी मारलेल्या सगळ्या मुलांपासून सुरुवात करून पुढे पाहिलं तर त्यातली बहुतेक खुनी झालेली नसतात.

अधिक भरवशाचा पुरावा मॅसॅच्युसेट्समधला. १९७५ ते १९८६ या काळात प्राण्यांवरच्या क्रूरतेसाठी खटले झालेले १५३ जण आणि त्याच वस्त्यांतले, त्याच वयाचे, त्याच लिंगाचे १५३ शेजारी यांची गुन्ह्यांची नोंद संशोधकांनी ताडून पाहिली आणि १९९९ साली निष्कर्ष मांडले. क्रूरतेचा खटला झालेल्यांत माणसांवरच्या हिंसेची नोंद असण्याचं प्रमाण पाचपटींहून जास्त निघालं. चोरी, अमली पदार्थ, दंगा यांचंही प्रमाण जास्त होतं. आणि ज्याकडे बहुतेक लेख दुर्लक्ष करतात ती गोष्ट ही: प्राण्यांवरचा गुन्हा आधी आणि माणसांवरचा नंतर, असा क्रम आढळला नाही. जितक्यांदा आधी, जवळजवळ तितक्यांदा नंतर.

म्हणजे प्राण्यांचा छळ ही पहिली पायरी नसून त्याच माणसाच्या चाललेल्या वागण्याचा एक भाग आहे. व्यवहारात याने मोठा फरक पडतो. 'हा वीस वर्षांनी काय करेल?' हा प्रश्न सोडून द्यावा. 'हा आज आणखी कोणाला मारतोय?' हे विचारावं. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने २०१६ पासून प्राण्यांवरची क्रूरता राष्ट्रीय गुन्हेनोंदीत स्वतंत्र घेतली, त्यात चार प्रकार धरले आहेत: उपेक्षा, हेतुपुरस्सर छळ, झुंजींसारखी संघटित क्रूरता आणि लैंगिक अत्याचार. माणसांवरच्या हिंसेशी या चारांचं नातं सारखं नाही. कुत्र्याला उन्हात उपाशी बांधून ठेवणारं घर बहुधा गरिबी, आजार, दारू यांनी पिचलेलं असतं. तिथे पोलिसांआधी मदत पोहोचायला हवी, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना, मुलांना तरी जेवायला मिळतंय का हेही पाहायला हवं.

माणसांचे हाल कमी आहेत का, की कुत्र्या-मांजरांची चिंता करायची?
(एक वाचक, मडगाव)

१८७४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या मुलीला तिची पालक बाई रोज मारत होती. मुलांना वाचवणारी एकही संस्था नव्हती. शेवटी तिच्यासाठी धाव घ्यावी लागली ती प्राणिसंरक्षण संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे. त्यांच्या वकिलाने मुलीला न्यायालयापुढे आणवलं, मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली आणि त्यातूनच मुलांच्या संरक्षणाची पहिली संस्था उभी राहिली. प्राण्यांना आणि मुलांना वाचवणं ही दोन्ही कामं त्याच माणसांनी केली.

लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा चिडला की मला नाही, आमच्या कुत्रीला लाथ मारतो. 'तू माहेरी गेलीस तर हिला विहिरीत टाकीन' म्हणतो. माझ्या अंगावर त्याने दोनदाच हात टाकला आहे. याला घरगुती हिंसा म्हणतात का? मी तिला सोडून जाऊ शकत नाही.
(पेडणे तालुका)

ताई, हो, ही हिंसा आहे आणि ती तुमच्यावरच चालली आहे. कुत्रीला मारलेली लाथ तुम्हाला दाखवण्यासाठी आहे. अमेरिकेत युटा राज्यातल्या आश्रयगृहातल्या स्त्रियांशी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी बोलणं झालं. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होता त्यांतल्या ७१ टक्के स्त्रियांनी सांगितलं की नवऱ्याने किंवा जोडीदाराने प्राण्याला मारण्याची धमकी दिली, त्याला इजा केली वा ठार केलं. प्राण्यापायी घर सोडायला उशीर करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

आधी धोका तपासा. त्याने कधी तुमचा गळा दाबला आहे का? कोयता, बंदूक हाताशी आहे का? 'तुला संपवीन, मग मीही मरेन' असं म्हणतो का? अलीकडे मारहाण वाढली आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढचं कागदपत्र नंतर, आधी ११२ (पोलीस) किंवा १८१ (स्त्रियांची मदतवाहिनी) ला फोन. गळा दाबणं हे सर्वात वाईट लक्षण आहे, खूण उमटली नसली तरी.

तसं नसेल तर तयारी शांतपणे करा, आणि कुत्री तुमच्या आधी घराबाहेर काढा. एकाच दिवशी दोघी निघालात तर गोंधळ होतो, कुत्री भुंकते, वेळ जातो. बाई घर सोडते तो काळ सर्वात धोक्याचा असतो. नसबंदी, लसीकरण, कातडीचा आजार असं खरंखुरं निमित्त काढून तिला पशुवैद्याकडे न्या आणि तिथून भरवशाच्या नातेवाइकाकडे ठेवा, शक्यतो जिथे त्याचं जाणं-येणं नाही तिथे. स्त्रियांच्या आश्रयगृहात प्राण्याची सोय नसते, म्हणून ही जागा आधीच ठरलेली हवी. सोबत लसीचं कार्ड, पट्टा, तीन दिवसांचं खाणं आणि चालू औषधं द्या.

लसीचं कार्ड आणि दवाखान्याची बिलं तुमच्या नावावर करून घ्या. तो 'कुत्री माझी' म्हणेल. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी जंगम मालमत्ता असतो, आणि गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक असते. ती एकट्याची ठरत नाही. शक्य झाल्यास पशुवैद्याकडून तपासणीचा लेखी अहवालही घ्या. वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेल्या बरगड्या, दोन्ही बाजूंची इजा, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, त्याच घरात आधी मेलेले प्राणी, यावरून अपघात आणि मार यातला फरक पशुवैद्य ओळखू शकतो. असा दिनांकित अहवाल तुमच्या बाजूचा साक्षीदार होतो.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता १८१ वर मिळेल, घटनेचा अहवाल ते भरून देतात. अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख द्यावी असं कायदा म्हणतो. या कायद्यात प्राण्यांचा उल्लेख नाही, आणि नेमकी इथेच चूक होते: अर्जात कुत्रीची गोष्ट 'किरकोळ' म्हणून गाळली जाते. ती तारखांसह लिहा. कलम १८ मध्ये दंडाधिकारी आदेशात नमूद करतील अशा इतर कृत्यांनाही मनाई करता येते, त्याखाली 'कुत्रीला इजा करू नये, घेऊन जाऊ नये, विकू नये' असं शब्दशः मागा. कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो. आदेश मोडला तर कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद. विहिरीत टाकण्याच्या धमकीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली वेगळी तक्रार होऊ शकते, कारण मालमत्तेला इजा करण्याची धमकीही त्यात येते.

धमकीचे संदेश पुसू नका. त्यांची प्रत अशा फोनवर ठेवा ज्याचा पासवर्ड त्याला ठाऊक नाही. आणि 'दोनदाच' हा शब्द अर्जात लिहू नका. दोन तारखा लिहा.

आमच्या वाड्यावर चार भटकी कुत्री एका रात्रीत मेली. मांसाचे तुकडे पडले होते. कोणी केलं असावं याचा अंदाज आहे. त्याच माणसाने कुत्र्यांना खायला घालणाऱ्या एका मुलीला 'तुलाही बघून घेईन' म्हटलं होतं. पोलीस म्हणाले, अदखलपात्र आहे, पन्नास रुपये दंड होईल.
(म्हापसा)

पोलिसांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला खरोखरच दहा ते पन्नास रुपये दंड आहे, आणि ही रक्कम लाजिरवाणी आहे. पण त्याच कलमाचा पोटखंड (एल) भटक्या कुत्र्यांचं नाव घेऊन त्यांना अनावश्यक क्रूर रीतीने मारण्याबद्दल बोलतो, आणि याच कायद्याच्या कलम ३१ नुसार तो दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येतो. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे: प्राण्याला ठार करणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र. जुन्या दंड संहितेत प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास हे बघावं लागे. १ जुलै २०२४ पासून ती अट गेली. दोन्ही कलमं तक्रारीत आकड्यांनिशी लिहा.

तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास आणि खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड टपालाने पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे. पाच वर्षांच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. तेवढा काळ जाईल हे धरून चाला, पण १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांतच दाखल व्हावा लागतो हे विसरू नका.

बहुतेक प्रकरणं पुराव्यापाशी हरतात. पंचायतीची गाडी येते, सकाळी नऊपर्यंत सगळं पुरलं जातं आणि विष कोणतं हे कधीच सिद्ध होत नाही. पुढच्या वेळी (ती येऊ नये) असं करा. मुलांना आणि इतर प्राण्यांना लांब ठेवा. मांसाचे तुकडे, ओकारी उघड्या हातांनी उचलू नका, शेतीच्या काही कीटकनाशकांची बाधा कातडीतूनही होते. आधी जागेचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. पोलीस येत असतील तर त्यांनाच पंचनाम्यात उचलू द्या. मृतदेह बर्फावर ठेवा, गोठवू नका, गोठवल्याने शवविच्छेदनात पेशी तपासता येत नाहीत. आपल्या हवेत काही तासांतच कुजणं सुरू होतं, म्हणून त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाची लेखी मागणी करा. जठरातला ऐवज, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायला सांगा. फॉर्मेलिनमध्ये ठेवलं तर रासायनिक तपासणीचा निकाल बिघडतो.

एखादं जनावर जिवंत असेल तर: लाळ गळणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, स्नायू फडफडणं, जुलाब ही कीटकनाशकाची लक्षणं. पशुवैद्याकडे त्यावरचं अ‍ॅट्रोपीन हे औषध असतं, मिनिटं महत्त्वाची. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, ते फुप्फुसात जातं आणि मीठच विष ठरतं. उंदराच्या काही विषांत रक्तस्राव तीन-चार दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे बरं दिसणारं कुत्रंही दाखवून घ्या.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून दुकानदाराला आजच लेखी विनंती करा. न्यायालयात ते सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं.

त्या मुलीला दिलेली धमकी याच जबाबात लिहा, सुटी सोडू नका. रात्री चार जीव मारणारा आणि एका मुलीला 'तुलाही बघून घेईन' म्हणणारा माणूस एकच असेल, तर हे दोन किरकोळ तंटे राहत नाहीत. त्याच्या पत्त्यावर आधी मारहाणीच्या, घरगुती छळाच्या तक्रारी आहेत का, हे तपासण्याची लेखी विनंती पोलीस निरीक्षकांना करा. तोवर मुलीने एकटीने, ठरावीक वेळी खाणं घालायला जाऊ नये.

धिरयो (बैल-रेड्यांच्या झुंजी) पाहायला नेल्याने मुलं हिंसक होतात का? आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय.
(सासष्टी)

एकदा झुंज पाहिली म्हणून मूल हिंसक होतं, असं आम्ही म्हणणार नाही. रेडा वा बैल पोसणारा मालक त्याला न्हाऊ घालतो, स्वतःआधी त्याला खायला देतो, ही माया खोटी नसते. पिलाला आडोशाला नेऊन मारण्याशी त्याची बरोबरी करता येत नाही.

पण मूल मैदानापेक्षा बापाच्या चेहऱ्याकडे जास्त पाहतं. शिंग पोटात घुसल्यावर आपला बाप ओरडून टाळी देतो, हे ते घरी घेऊन जातं. त्यात पैज आणि दारू. हरलेल्या पैशांचा राग त्या संध्याकाळी घरी कोणावर निघतो, ते त्या घरच्या बायकांना विचारावं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नव्वदच्या दशकात धिरयोवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२३ चा निकाल तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी केलेल्या कायदादुरुस्त्यांविषयी आहे. त्यात जल्लीकट्टू (धावत्या बैलाला कवटाळण्याचा खेळ), कंबळा (रेड्यांची शर्यत) आणि बैलगाडा शर्यती येतात, दोन जनावरांची झुंज नाही. १९६० च्या कायद्याच्या कलम ११ (एन) नुसार झुंज भरवणं, तिच्यासाठी जागा देणं, प्रवेशाचे पैसे घेणं हा दखलपात्र गुन्हा आहे. फोन करायचा तर झुंज सुरू होण्याआधी, जनावरं टेम्पोतून उतरवली जात असताना ११२ ला करा. ठिकाण, टेम्पोचा क्रमांक आणि अंदाजे गर्दी सांगा. झुंज संपल्यावर मैदानात सापडतं ते फक्त रक्त, आणि जखमी बैल तोवर दुसऱ्या गावच्या गोठ्यात उपचारांविना बांधलेला असतो, कारण सरकारी दवाखान्यात नेलं तर प्रश्न विचारले जातील अशी मालकाला भीती असते.